हौद भरेपर्यंत

माधवनगर, १८ एप्रिल

सुमैरा,

दुआ. हा शब्द सवयीने लिहिला आहे. पुढील मजकुराशी त्याचा संबंध जोडू नये.

तुझे निमंत्रण पोहोचले. मेअखेर पुण्यात परिषद आहे, तीत तुझ्या 'ओंजळ' कंपनीतर्फे तू बोलणार आहेस, आणि माझे गतवर्षीचे तिच्या बाजूचे लेखी मत सभेपुढे ठेवण्याची तुझी इच्छा आहे. जानेवारीत जेवत्या ताटावरून उठून गेल्यानंतर तुझ्याकडून आलेला हा पहिला कागद. त्यात बापाची प्रकृती विचारलेली नाही, हे मी दोष म्हणून नोंदवत नाही. कंपनीच्या छापील कागदावर त्यासाठी रकाना नसतो.

भाषणाचा आराखडाही जोडला आहेस. वादाआधी व्याख्या निश्चित असावी, असे मी तेहेतीस वर्षे तर्कशास्त्राच्या वर्गात सांगत आलो. म्हणून तुझीच व्याख्या उतरवून घेतो: "ओंजळ ही दुष्काळी भागातील जनावरांना टँकरद्वारे पाणी पुरवणारी स्वयंचलित व्यवस्था असून वस्तीवरील जनावरांच्या पडताळलेल्या संख्येनुसार ती पाणी मोजून देते. मानवी हस्तक्षेप शून्य." साध्या मराठीत याचा अर्थ असा की वस्तीवर जितकी मेंढरे नोंदलेली असतील त्यांच्या सहापट लिटर पाणी टँकरच्या तोटीवरचा विजेचा वॉल्व्ह सोडतो आणि मग स्वतःच बंद होतो.

पत्रिकेच्या मुखपृष्ठावर माझ्या आजोबांच्या पखालीचे छायाचित्र आहे. खाली 'चार पिढ्यांचा जलवारसा' अशी ओळ. आजोबा रेड्याच्या पाठीवर चामड्याची पखाल टाकून सांगलीच्या गल्ल्यांत घरोघर पाणी घालत. छायाचित्र आपल्याच घरातले आहे, तेव्हा ते छापण्याचा हक्क तुला आहे. वारसा हा शब्द मात्र तू जाहिरातखात्यातील कोणा मुलाकडून उसना घेतला असावास, कारण आपल्या घरात तो कधी कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. आपल्या घरात "रांजण भरला का?" असे विचारत.

आता वस्तुस्थिती. परवा नाथाजीचा फोन आला. जतच्या पुढे हिवरटेकच्या अकरा धनगरवस्त्यांवर पाणी नेणाऱ्या टँकरचा तो मालक आणि चालक. तुझ्या यादीत तो 'वितरण भागीदार' आहे. "सर, एकदा येऊन डोळ्यांनी बगा," इतकेच तो म्हणाला. त्याने ते मलाच का सांगावे, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

एसटीने जतला गेलो आणि तिथून त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसून बिराप्पाच्या वस्तीवर. सहा घरे, एक दगडी हौद, आणि मेंढरे घेऊन चराईसाठी बाहेर न पडलेले लोक. टँकर दिसताच कळप हौदाच्या कडेला दाटला. नाथाजीने यंत्रावर वस्तीचे नाव निवडले. पाणी सुरू झाले, बाराशे लिटर झाले, वॉल्व्ह टक् असा वाजला आणि बंद पडला. हौद अर्धाही भरला नव्हता. पुढच्या मेंढरांनी तो पाहता पाहता चाटून कोरडा केला. मागची मेंढरे ओल्या दगडाला जीभ लावत राहिली.

नाथाजीने टँकरच्या पोटावर थाप मारली. आवाज भरीव आला.

"आयका सर. आत पानी हाय."

"मग सोड."

"कसं सोडू? वॉल माजं आयकत न्हाई. पुन्यास्नं चालतोय त्यो."

बिराप्पाची सून राणी हंडा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "त्याला म्हनावं, ह्या मेंढरांची तोंडं तरी बग."

"त्याला डोळं न्हाईत, वैनी," नाथाजी म्हणाला. "निस्तं गनित हाय."

टँकर परत निघाला तेव्हा त्यात दीड हजार लिटर पाणी हेलकावे खात होते. भरणाच्या जागी ते पुन्हा टाकीत ओतले गेले. तुझ्या वार्षिक अहवालाच्या चौथ्या पानावर या परत आलेल्या पाण्याला 'एकतीस टक्के बचत' म्हटले आहे. ते पान मी दोनदा वाचले. तहानलेल्या जनावरासमोरून परत नेलेल्या पाण्याला बचत म्हणण्यासाठी जी बुद्धी लागते, ती मी तुला शिकवलेली नाही. तुझ्या शिक्षणावर मी इतरत्रही खर्च केला होता, हे ओघाने आठवले.

भाषणात तू म्हणणार आहेस की अशा सेवांवर बाहेरचे नियमन नको, नवनिर्मितीला मोकळीक हवी. तुझ्या कंपनीची नियमावली बावीस कलमांची आहे. हिवरटेकच्या मेंढरांनी किती पाणी प्यावे इथपर्यंत तिचा अंमल चालतो. तेव्हा तुझा आक्षेप नियमांना नाही. दुसऱ्याने केलेल्या नियमांना आहे. हे सरळ म्हणालीस तर निदान वाक्य तरी खरे ठरेल.

वस्तीची नोंद दोनशे मेंढरांची आहे. कळप त्याहून कितीतरी मोठा आहे, हे आंधळ्यालाही नुसत्या आवाजावरून कळावे. पडताळणीत चूक झालेली आहे. ती कोणी केली, याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. संख्या दुरुस्त व्हावी. आणि माझे मत सभेपुढे ठेवू नये.

नियाज पखाली


माधवनगर, २८ एप्रिल

सुमैरा,

तुझे उत्तर एका ओळीचे आहे: "अब्बा, हिवरटेकच्या अकराही नोंदींखाली पडताळणीकार म्हणून तुमचं नाव आहे."

ओळ अचूक आहे. तुझ्याकडून इतके नेमके वाक्य येऊन बरेच दिवस झाले होते.

मागील पत्रात मी हा मुद्दा अप्रस्तुत म्हटला. तो अप्रस्तुत नव्हता, अडचणीचा होता. या दोहोंतला फरक लपवणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मी कापत असे.

गतवर्षी फेब्रुवारीत तू घरी आली होतीस. "माणसं पुष्कळ मिळतील अब्बा, पण ज्याच्या शब्दावर कोणी बोट ठेवणार नाही असा माणूस हवा," असे तू म्हणालीस. ते वाक्य मला आवडले. निवृत्तीनंतर बारा वर्षांत माझ्या शब्दाची कोणाला गरज पडली नव्हती. ही कबुली मांडणी पूर्ण व्हावी म्हणून देतो, सहानुभूतीसाठी नाही. तुझ्याकडे तिचा साठा बेताचा आहे हे मला ठाऊक आहे.

बिराप्पाच्या वस्तीवर त्या दिवशी जे झाले ते असे. नाथाजी मला घेऊन गेला होता. बाज टाकली, चहा आला. मी विचारले, "मेंढरे किती?"

"हाईत की," बिराप्पा म्हणाला.

"आहेत, पण किती?"

"बिरोबाच्या दयेनं हाईत, सर."

"मला आकडा लागेल. कागदावर लिहायचा आहे."

राणी चुलीपासून म्हणाली, "आकडा कशाला वं? तुमी तुमच्या डोस्क्यावरची केसं मोजून सांगता का?"

"त्यास्नी सोपं हाय, वैनी," नाथाजी म्हणाला. "चारच ऱ्हायल्यात."

सगळे हसले. मी हसलो नाही. मी पुन्हा विचारले, आणखी एकदा विचारले, आणि शेवटी बिराप्पा पाहुण्याची ब्याद टळावी तसा म्हणाला, "बरं, धरा दोनशे."

मी दोनशे लिहिले आणि सही केली.

'धरा' म्हणजे गृहीत धरा. ते विधान नव्हे. गृहीतक आणि विधान यांतला भेद मी पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवत असे आणि ज्याला तो कळत नसे त्याला वाणिज्य शाखेचा रस्ता दाखवत असे. कळप मेंढवाड्यापाशी, माझ्यापासून साठ पावलांवर उभा होता. मी बाजेवरून उठलो नाही. ऊन होते.

नाथाजीने परतीच्या वाटेवर सांगितलेही. "सर, धनगर मेंढरं मोजत न्हाई आन् कुनाला सांगत बी न्हाई. मोजली की कळप उतरतोय, कमी हुतोय म्हंत्यात. सांजच्याला एक जरी कमी आली तरी त्येला वळकतंय, पर आकडा न्हाई घेनार त्यो. कुनी लयच मागं लागलं तर कमीच सांगतोय." मी त्याला म्हणालो की श्रद्धा वेगळी आणि साक्ष वेगळी. हे वाक्य मला त्या वेळी चांगले वाटले होते. पुढच्या दहा वस्त्यांवर मी तसाच बसलो, तसेच विचारले, आणि जे 'धरा' म्हटले गेले ते लिहून घेतले.

यातून माझी चूक सिद्ध होते. तुझी सुटका मात्र होत नाही. तुझे यंत्र रोज अकरा वस्त्यांवरून उरलेले पाणी परत आणते आणि चौदा महिन्यांत त्याला एकदाही शंका येत नाही. माझ्या मूर्खपणाला निदान एका दुपारची मर्यादा होती. तू तो वॉल्व्हमध्ये बसवलास, त्याला वीज जोडलीस आणि त्याचा आलेख काढून गुंतवणूकदारांना दाखवलास. म्हातारा मास्तर उन्हाला भिऊन बसून राहिला तरी नाथाजी पूर्वी हौदात डोकावून पाहत असे आणि भरेपर्यंत तोटी सोडून देत असे. ती डोकावण्याची क्रिया तू काढून टाकलीस आणि तिच्या जागी माझी सही बसवलीस. याला तुमच्या क्षेत्रात नवनिर्मिती म्हणतात, असे समजतो.

नोंद चुकीची असल्याचे पडताळणीकार या नात्याने लेखी देण्यास मी तयार आहे. फॉर्म पाठवावा.

नि. प.


माधवनगर, ३ मे

सुमैरा,

या वेळी तू चार पाने लिहिलीस, आणि हाताने. अक्षर अजून तुझ्या अम्मीसारखे आहे. ही बाब वादाशी संबंधित नसल्याने येथेच सोडतो.

तुझा मुद्दा मी माझ्या शब्दांत मांडतो. प्रतिपक्षाचा मुद्दा त्याच्याहून चांगला मांडता आल्याखेरीज खोडू नये. नियमावलीच्या कलम सातप्रमाणे पडताळणीकाराने आपली एक नोंद खोटी असल्याचे मान्य केले तर त्याच्या सर्वच नोंदी अविश्वसनीय ठरतात आणि फेरपडताळणी होईपर्यंत स्थगित होतात. स्थगित वस्तीला वॉल्व्ह शून्य लिटर सोडतो. फेरपडताळणीचे पथक ऑगस्टआधी येऊ शकत नाही. म्हणजे मी खरे बोललो तर अकरा वस्त्यांचे आहे तेही पाणी बंद होईल. म्हणून तुझी विनंती: "अब्बा, पाऊस लागेपर्यंत गप्प राहा."

आणि शेवटी तू लिहितेस, "कलम सात तुम्हीच सुचवलं होतं."

होय. भाषाही माझी आहे. "जो साक्षीदार एका बाबतीत खोटा ठरला तो सर्व बाबतींत खोटा मानावा." आपल्या न्यायालयांनी हे तत्त्व जसेच्या तसे कधी स्वीकारले नाही, हे मला तेव्हाही माहीत होते. न्यायाधीश ढिले असतात, असे माझे त्यावरचे मत होते. माणसे अर्धी खरी आणि अर्धी खोटी बोलतात आणि त्यातले धान्य पाखडून घ्यावे लागते, हे ज्यांना रोज करावे लागते त्यांना मी ढिले समजत होतो. पंख्याखाली बसून लिहिलेले कलम होते ते. वाक्य डौलदार आहे. आज मी ते कोणा शत्रूवरही लादणार नाही.

परवा पुन्हा वस्तीवर गेलो. बिराप्पा अंगणात होता. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, "आवं सर, आयांचं दूध आटलंय. कोकरं टिकंनात."

"किती गेली?"

प्रश्न तोंडातून निघाल्यावर मला त्याची लाज वाटली. राणीने मला वस्तीमागच्या ओघळीकडे नेले आणि नवी माती दाखवली. ओळीने होती. मी मोजायला सुरुवात केली आणि थांबलो.

"मोजा की," राणी म्हणाली. "ही मोजली तरी आता काय उतरत न्हाईत."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. बिराप्पा मागून आला होता. तो म्हणाला, "सर, आमचंच चुकलं का? तुमी ईचारल्यावर खरं सांगाय पायजे हुतं का?"

जो माणूस आपल्या कळपाचा आकडा परक्याच्या कागदावर चढू देत नाही तो चुकतो, असे मानायला मला कोणते प्रमाण आहे? त्याचा आकडा शेवटी कोठे गेला ते पाहू. जानेवारीत तू कंपनीचा मोठा हिस्सा परदेशातल्या गुंतवणूकदारांना दिलास. त्याच दिवशी या सर्व नोंदी त्यांच्या यंत्रांत गेल्या. मी ताटावर बसून विचारले होते, "मग हिवरटेकच्या पाण्याचा मालक कोण?" आणि तू म्हणालीस, "अब्बा, तुम्हाला यातलं कळत नाही," आणि उठलीस. आता तुझ्याच पत्राचे तिसरे पान वाच. कलम बदलण्याचा अधिकार तुझ्याकडे नाही. प्रस्ताव तिकडे पाठवावा लागेल. उत्तराला साठ दिवस लागतात. म्हणजे जतच्या माळावरच्या एका दगडी हौदात किती पाणी पडावे, हे वस्तीला ठरवता येत नाही, नाथाजीला येत नाही, मला येत नाही, आणि कंपनीची संस्थापक असूनही तुला येत नाही. मला यातले कळत होते. तुला कळत नव्हते. हा निष्कर्ष मी विजयाने काढलेला नाही. चार महिने उशिराने काढला आहे.

तरीही तू पुण्यात उभी राहून नियमन नको म्हणणार आहेस. स्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्याने आपल्याला स्वतःला एक वॉल्व्ह उघडता येतो का, एवढे आधी तपासावे.

माझा प्रस्ताव एका वाक्याचा आहे. संख्येचे कलम रद्द करावे आणि त्या जागी लिहावे: "हौद भरेपर्यंत पाणी सोडावे." हौद सर्वांना दिसतो. तो कोणाला मोजावा लागत नाही, कोणाला सांगावा लागत नाही, आणि तो खोटे बोलत नाही. पाणी उरत होतेच. तूच ते टक्क्यांत छापलेले आहेस.

उत्तर आठ दिवसांत यावे. साठ दिवसांत पाऊस येतो. कोकरांना तो उपयोगाचा नाही.

नि. प.


माधवनगर, १६ मे

सुमैरा,

आठ दिवसांत तुझे उत्तर आले नाही. पोलीस मात्र नाथाजीच्या दारात आले. तुझ्या कंपनीच्या कायदेविभागाने, वॉल्व्ह तोडून मालमत्तेचे नुकसान केल्याबद्दल, त्याच्याविरुद्ध तक्रार दिली आहे. तक्रारीची प्रत मी वाचली. मराठी निकृष्ट आहे आणि आरोपी चुकीचा आहे. पहिल्या दोषाला इलाज नाही. दुसऱ्यासाठी हे पत्र कबुलीजबाब समजावे.

वॉल्व्ह मी काढला.

बारा मे, रविवार, सकाळी साडेनऊ, बिराप्पाची वस्ती. नाथाजी टँकर लावून उतरला होता. मी त्याच्याकडे पाना मागितला.

"कशाला सर?"

"वॉल्व्ह काढायचा आहे."

"काढतो की मी. मला म्हाईत हाय त्येचं."

"तू हात लावायचा नाहीस. तू तिकडे लिंबाखाली जाऊन बस, आणि मी काय करतो ते तुला दिसणार नाही अशा बेताने पाठ फिरव."

"आवं, तुमचं वय काय, तुमी करताय काय!"

"चौऱ्याहत्तर. हे तुला पोलिसांनी विचारले तर सांगायला हरकत नाही."

तो गेला, पण पाठ फिरवली नाही. चार बोल्ट होते. दोन सहज निघाले. तिसऱ्याने अर्धा तास घेतला. राणी जवळ येऊन उभी राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "उलटं फिरवताय सर." ती खरे बोलत होती. पुढे पाना तिने धरला असे कोणी सांगितले तर ते खोटे आहे. तिने फक्त दिशा सांगितली. चौथा बोल्ट निघाला तेव्हा पाणी माझ्या छातीवर आले आणि मी बसलो. मग ते हौदात पडत राहिले. बिराप्पाने कळप सोडला. मागची मेंढरे पुढे आली, त्यांच्याही मागची आली, आणि हौद काठोकाठ भरल्यावर नाथाजीने हाताने तोटी बंद केली. कोणी त्याला सांगितले नव्हते.

मेंढरे पिऊन बाजूला होत असताना मी ती सगळी पाहिली. कळप किती आहे हे आता मला नेमके ठाऊक आहे. तुला, तुझ्या कायदेविभागाला किंवा परिषदेला ते माझ्याकडून मिळणार नाही.

आता क्रम लक्षात घे, कारण तो मुद्दाम ठेवला आहे. रविवारी वॉल्व्ह काढला. सोमवारी, तेरा तारखेला, अकराही नोंदी खोट्या असल्याची कबुली मी रजिस्टर टपालाने तुझ्या कार्यालयात धाडली. कलम सातप्रमाणे अकरा वस्त्या स्थगित झाल्या असतील आणि तुझे यंत्र रोज सकाळी शून्य लिटरचा हुकूम सोडत असेल. तो हुकूम ऐकायला टँकरवर आता काही नाही. खरे बोलणे आणि वस्त्यांना पाणी मिळणे या दोन गोष्टी माझ्या कलमाने एकमेकींच्या विरुद्ध उभ्या केल्या होत्या. दोन्ही एका वेळी खऱ्या करण्याचा दुसरा मार्ग मला सापडला नाही. तुला सापडला असता तर तू आठ दिवसांत कळवला असतास.

नाथाजी रोज अकरा वस्त्यांवर जातो आहे. पाणी पुरते आहे. खेपेला दोन-तीनशे लिटर उरते, ते तो हिवरटेकच्या देवळापुढच्या गुरांच्या टाकीत सोडतो. अहवालासाठी टक्केवारी हवी असल्यास ती शून्य लिहावी.

वॉल्व्ह माझ्या टेबलावर आहे. तो मोडलेला नाही. पावती देऊन घेऊन जाता येईल. मी सकाळी दहानंतर घरी असतो. पडताळणीकार म्हणून माझे नाव सर्व कागदांवरून काढावे. गतवर्षीच्या मताऐवजी परिषदेत ही चार पत्रे वाचून दाखवण्यास माझी संमती आहे. तू वाचणार नाहीस, हे गृहीतक आहे. विधान म्हणून लिहिण्याइतकी तुझी ओळख मला आता राहिलेली नाही.

काल रात्री फोनवर तू चौदा सेकंद काही बोलली नाहीस आणि मग ठेवलास. त्या चौदा सेकंदांवरून मी कोणताही निष्कर्ष काढलेला नाही.

राहिला प्रश्न पुढचा. नाथाजीवरची तक्रार मागे घेऊन ती माझ्या नावे नव्याने दे: नियाज पखाली, निवृत्त प्राध्यापक, राहणार माधवनगर, फिर्यादीचा बाप. शेवटचा तपशील गाळू नये, तो खरा आहे. भरणाची जागा तुझ्या करारात आहे, खेपा जूनअखेरपर्यंत मंजूर आहेत, आणि वॉल्व्ह नसलेल्या टँकरला पाणी भरू देऊ नये असा आदेश तू आजही काढू शकतेस. तो अधिकार तुझ्याकडे उरला आहे. मी करार वाचून खात्री केली. साठ दिवस लागत नाहीत. एक कागद पुरतो.

मी वस्त्यांसाठी केले ते एवढेच आहे. चौदा महिने बिराप्पाच्या हौदातले पाणी रोज थांबत होते आणि ते थांबवणारा कोणीच नव्हता. यंत्र तुझ्याकडे बोट दाखवी, तू कलमाकडे, कलम माझ्या सहीकडे, आणि माझी सही 'धरा' म्हणणाऱ्या एका मेंढपाळाकडे. आता ते आपोआप थांबणार नाही. ते थांबवायचे असेल तर कोणातरी माणसाला थांबवावे लागेल, आणि त्या कागदावर कारकुनाची सही चालत नाही.

तुझी लागते.

अब्बा